पांढऱ्या मुळीच्या पलीकडे



ज्यांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला भरते, ते गुरुजी शाळेत शेती शिकवायचे. त्यांच्या हाताखाली शिकलेली मंडळी या मंडपात बरीच आहेत, तेव्हा त्यांच्याविषयी मी वेगळं सांगायला नको. मी आयुष्यभर मातीतल्या सूक्ष्मजीवांचा विषय शिकवत आले, म्हणून कार्यकर्त्यांनी मायकोरायझावर, म्हणजे पिकांच्या मुळीत राहणाऱ्या बुरशीवर, बोलायला सांगितलं. गोदाकाठच्या गावात हा शब्द कुणाला नवा नाही. कृषी सेवा केंद्राच्या फळीवर त्याच्या पुड्या असतात, ठिबकातून सोडायच्या बाटल्या असतात, आणि द्राक्षबागेच्या, डाळिंबाच्या वेळापत्रकात त्याचा एक रकाना असतो.

मला आज एकच गोष्ट पटवून द्यायची आहे. ही बुरशी आपल्या बहुतेक शेतांत आधीपासून आहे. ती विकत आणण्याआधी ती आपल्या मुळीवर आहे का, आणि नसेल तर का नाही, हे पाहिलं पाहिजे. काही ठिकाणी ती खरोखरच नसते. तिथे बाहेरून आणून दिलीच पाहिजे. पण इतर ठिकाणी आपण एका हाताने तिला मारतो आणि दुसऱ्या हाताने पुडी फोडतो. हा खर्च शेतकऱ्याच्या खिशातून जातो, म्हणून मला हा विषय जवळचा वाटतो.

कांद्यापासून सुरुवात करू. लागवडीला महिना झालेलं कांद्याचं रोप वाफशावर खुरप्याने मातीसकट उचला आणि बादलीतल्या पाण्यात हळूहळू धुवा. खाली जाडसर, पांढऱ्या, सरळ मुळ्यांचा झुबका दिसेल. त्यांना फाटे जवळजवळ नाहीत. भिंगाखाली धरल्या तर ज्वारीच्या किंवा गव्हाच्या मुळीवर असतात तसे बारीक केसही फारसे दिसत नाहीत. अशी ही आखूड, आळशी मुळी, आणि तिच्यावर पोसायचा असतो भला मोठा गड्डा.

नत्राची अडचण नाही. नायट्रेट पाण्यात विरघळतं आणि पाण्याबरोबर मुळीपर्यंत येतं. स्फुरदाचं तसं नाही. आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत टाकलेलं स्फुरद कॅल्शियमबरोबर बांधलं जातं आणि जागचं हलत नाही. मुळी आपल्याभोवतीचं मिलिमीटर-दोन मिलिमीटरपर्यंतचं स्फुरद उचलते आणि मग त्या रिकाम्या कड्यात उभी राहते. चार बोटांवर स्फुरद पडलेलं असतं, पण ते तिला मिळत नाही. जस्ताचीही साधारण हीच गत.

इथे बुरशी कामाला येते. तिचा तंतू दोन ते दहा मायक्रॉन जाडीचा असतो. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा धरला, तर हा तंतू किती बारीक ते लक्षात येईल. जिथे मुळीचं टोक शिरू शकत नाही अशा मातीच्या फटींतून तो जातो, त्या रिकाम्या कड्याच्या बाहेर कित्येक सेंटिमीटर पसरतो, आणि तिथलं स्फुरद उचलून मुळीच्या आत आणून देतो. कांदा, लसूण, केळी, लिंबूवर्गीय झाडं अशी मुळी जाड आणि केस कमी असलेली पिकं म्हणूनच या बुरशीवर जास्त अवलंबून असतात. ज्वारी-गव्हासारख्या तंतुमय मुळ्यांच्या पिकांना तिची गरज तुलनेने कमी असते.

मुळीच्या आत काय घडतं ते पाहण्यासारखं आहे. तंतू मुळीच्या बाहेरच्या थरातून आत शिरतो, पेशीची भिंत ओलांडतो, पण पेशीचा पातळ पडदा फाडत नाही. त्या पडद्याला आत ढकलत तो फाटे फोडत जातो, फाट्यांना फाटे, आणि अख्खी पेशी त्या जाळीने भरते. देवाणघेवाण इथे होते. ही जाळी काही दिवसच टिकते, मग विरून जाते, आणि शेजारच्या पेशीत नवी तयार होते. झाड आपण केलेल्या अन्नातला चार ते वीस टक्के वाटा या बुरशीला देतं, असे अंदाज आहेत. हा वाटा लहान नाही. साखर तर ते देतंच. २०१७ मध्ये वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी दाखवून दिलं की स्निग्ध पदार्थही झाडच पुरवतं. या बुरशीला स्वतःची मेदाम्लं तयार करताच येत नाहीत. म्हणून जिवंत मुळीवाचून तिला वाढ नाही. ट्रायकोडर्मा ही बुरशी जशी साध्या माध्यमावर बाटलीत वाढवता येते तशी ही वाढत नाही. हा मुद्दा ध्यानात ठेवा. पुडीविषयी बोलताना तो लागेल.

हे नातं किती जुनं आहे? स्कॉटलंडमध्ये ऱ्हायनी नावाच्या गावाजवळ गारगोटीसारख्या दगडात सुमारे चाळीस कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पती जशाच्या तशा टिकून आहेत. त्यांच्या पेशींत हीच फाटे फुटलेली जाळी असल्याचं १९९४ मध्ये प्रसिद्ध झालं. त्या वनस्पतींना खरी मुळं अजून आलेली नव्हती. पाणथळ सोडून झाडं कोरड्या जमिनीवर आली तेव्हा मुळाआधी त्यांच्या सोबतीला बुरशी होती.

माणसाच्या हे फार उशिरा लक्षात आलं. १८८५ मध्ये आल्बर्ट फ्रांक या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने या जोडीला मायकोरायझा हे नाव दिलं. प्रशियाच्या सरकारने त्याला ट्रफल या महागड्या भूमिगत बुरशीची लागवड जमते का, हे शोधायला लावलं होतं. ट्रफल काही पिकलं नाही, पण झाडांच्या मुळ्या बुरशीने वेढलेल्या असूनही झाडं ठणठणीत आहेत हे त्याला दिसलं. त्याने पाहिलेली बुरशी मुळीवर बाहेरून आवरण करणारी होती, चीड आणि ओक अशा झाडांवरची. आपल्या पिकांच्या मुळ्यांत शिरणारी वेगळी. बुरशी म्हणजे रोग, असं मानण्याच्या काळात त्याचं म्हणणं पुष्कळांनी उडवून लावलं.

या इतिहासातलं एक पान मात्र आपल्या अगदी जवळचं आहे. इंदूरला होळकरांच्या राज्यात १९२४ ते १९३१ या काळात आल्बर्ट हॉवर्ड काम करत होते. कापसाच्या पट्ट्यातला काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांपासून खत करण्याची इंदूर पद्धत त्यांनी तिथे बसवली. १९३१ मध्ये त्यावर जे पुस्तक निघालं त्याच्यावर हॉवर्डसाहेबांच्या बरोबरीने यशवंत वाड यांचं नाव आहे. कंपोस्टचा विषय निघाला की हॉवर्ड सगळ्यांना आठवतात, वाड कुणालाच आठवत नाहीत, म्हणून आज मुद्दाम त्यांचं नाव घेते. पऱ्हाट्या लवकर कुजत नाहीत म्हणून त्या शेतातल्या रस्त्यावर पसरून गाड्यांच्या चाकांखाली चिरडून घ्यायच्या, अशी बारीकसारीक व्यवहाराची माहिती त्या कामात आहे. पुढे हॉवर्डना वाटू लागलं की कंपोस्टने पीक सुधारतं त्यामागे मुळीवरची ही बुरशी आहे, आणि १९४० च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात त्यांनी हे ठासून मांडलं. बुरशी पचवून झाड पोसलं जातं, ही त्यांची कल्पना पुढे टिकली नाही. पण शेणखताच्या शेतातल्या मुळीत काय चाललंय ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहा, हा त्यांचा आग्रह बरोबर होता.

आता आपल्या ओळखीच्या एका शत्रूकडे येऊ. ज्वारीत टारफुला येतो. ज्वारी वितीवर आली की तिच्या बुडाशी छोटी फुलं घेऊन हा उभा राहतो, आणि तोवर त्याने खाली मुळीला मुळी चिकटवून ज्वारीचा रस ओढलेला असतो. त्याचं बी धुळीसारखं बारीक, आणि जमिनीत वर्षानुवर्षं पडून राहतं. ते सहसा एरवी उगवत नाही, यजमान पिकाची मुळी जवळ आली की उगवतं. त्याला कळतं कसं? मुळीतून पाझरणाऱ्या एका रसायनाने बी जागं होतं, हे १९६६ मध्येच सापडलं होतं, तेही कापसाच्या मुळीच्या पाझरातून. पण स्वतःचाच वैरी जागा करणारा पदार्थ झाड मुळीतून का सोडतं, हे कोडं पुढे जवळजवळ चाळीस वर्षं तसंच राहिलं. २००५ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी ते उलगडलं. हा पदार्थ बुरशीला बोलावण्यासाठी आहे. स्फुरद कमी पडलं की झाड तो जास्त सोडतं, जवळचे बुरशीचे तंतू त्याने भराभर फाटे फोडू लागतात आणि मुळीकडे वळतात. टारफुला ही हाक चोरून ऐकतो.

मला या शोधाचं महत्त्व शेतीच्या दृष्टीने फार वाटतं. झाड बुरशीला बोलावतं ते गरज असेल तेव्हाच. पेरणीला डीएपीची पोती रिचवली की मुळीभोवती स्फुरद भरपूर, मग ही हाक मंदावते, आणि आलेल्या बुरशीलाही झाड आत फारसं पसरू देत नाही. पोसण्याचा खर्च ते कशाला करील? स्फुरद जास्त झालं की पिवळी, जस्ताची कमतरता असलेली पानं दिसतात, हे तुम्ही पाहिलं आहे. त्यामागे रासायनिक कारणं आहेत, तसंच एक कारण हेही आहे की स्फुरदाने बुरशी आवरली गेली आणि जस्त आणून देणारे तंतूच कमी झाले. मग जस्ताचं खत आणायचं, आणि त्याच खेपेला मायकोरायझाची पुडी. ज्या शेताच्या माती परीक्षणाच्या पत्रिकेत स्फुरद ‘अत्यंत जास्त’ असं लिहून येतं, आणि आपल्या द्राक्षाच्या, भाजीपाल्याच्या रानांत ते बरेचदा येतं, त्या शेतात ही पुडी घालणं म्हणजे पैसे पाण्यात सोडणं आहे. आधी दोन वर्षं स्फुरद कमी करा.

बुरशी कमी होण्याची आणखी कारणं मी भराभर सांगते. रोटाव्हेटर पुन्हापुन्हा फिरवला की तंतूंचं जाळं तुटतं. कॅनडातल्या मक्याच्या प्रयोगांत, माती न हलवलेल्या शेतात कोवळ्या रोपांना स्फुरद लवकर मिळालं, कारण जुनं जाळं शाबूत होतं आणि नवी मुळी त्याला आयती जोडली गेली. कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची आळवणी या बुरशीलाही मारक आहे. प्रयोगांत ही बुरशी मुद्दाम घालवायची असेल तेव्हा शास्त्रज्ञ त्याच कुळातलं औषध वापरतात. मोहरी, कोबी, फ्लॉवर, मुळा, पालक, बीट या पिकांच्या मुळीत ही बुरशी वस्ती करत नाही, त्यामुळे कोबीनंतर लगेच येणाऱ्या पिकाला जमिनीत बुरशी कमी मिळते. कोबी लावू नका, असं मी म्हणत नाही. कोबी आणि कांद्याच्या मधे मका, मूग, ताग, काहीही बुरशीला चालणारं एक पीक येऊ द्या.

पडीक जमिनीविषयी मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण ते थेट काळ्या मातीचं प्रकरण आहे. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडच्या दक्षिण भागात डार्लिंग डाउन्स म्हणून प्रदेश आहे. तिथली माती आपल्यासारखीच भारी, काळी, उन्हाळ्यात भेगाळणारी. तिथले शेतकरी ओल साठवण्यासाठी जमीन वर्ष-वर्ष मोकळी ठेवत, तण उगवू देत नसत. अशा विश्रांती मिळालेल्या रानात ओल भरपूर, नत्रही साठलेलं. पीक जोरात यायला हवं. पण जवस, सूर्यफूल, मका अशी पिकं तिथे खुरटलेली येत, आणि पानांत स्फुरद-जस्ताची उपासमार दिसे. जमिनीत रोग असावा, असं पुष्कळ दिवस वाटत राहिलं. जॉन थॉम्पसन या शास्त्रज्ञाने १९८७ मध्ये दाखवून दिलं की तिथे काही वाढलेलं नव्हतं, काहीतरी संपलं होतं. जिवंत मुळीच नसल्यामुळे त्या काळात बुरशी उपाशी मेली होती.

आता सोलापूर-मंगळवेढ्याची खोल काळी डोळ्यांसमोर आणा. तिथे खरिपात जमीन मोकळी ठेवून, कुळवाच्या पाळ्या घालून, पाऊस जिरवून रब्बीला मालदांडी पेरायची रीत आहे. ही रीत शहाणपणाची आहे. तिथल्या पावसाला आणि मातीला ती शोभते. आपली पडीक ऑस्ट्रेलियाइतकी लांब नसते, पावसाळ्यात गवत उगवतंच, आणि ज्वारीला बुरशीवाचून फार अडत नाही. म्हणून तिकडचा निष्कर्ष मी जसाच्या तसा इकडे आणणार नाही. पण त्याच जमिनीत ज्वारीऐवजी करडई, हरभरा, सूर्यफूल किंवा कांदा घ्यायचा असेल, आणि आधी जमीन बरेच महिने उघडी असेल, तर हे लक्षात ठेवा. पावसाने साथ दिली त्या वर्षी मृगातला मूग किंवा उडीद घेऊन रब्बी पेरली तर बुरशीला मधल्या काळात खायला मिळतं. ओल कमी पडेल अशा वर्षी हे करू नये. ओल पहिली, बुरशी नंतर.

विश्रांती दिली म्हणजे जमीन सुधारते, हे आपण धरून चालतो. पालापाचोळ्याखाली, गवताखाली सुधारते. उघडीबोडकी, उन्हात तापणारी जमीन या बुरशीच्या दृष्टीने उपाशी असते.

आता पुडी. पुडी कुठे उपयोगी, हे कळायला अमेरिकेतली एक जुनी गोष्ट मदत करते. तिथे लिंबूवर्गीय रोपवाटिकांत सूत्रकृमी आणि मररोग घालवण्यासाठी माती विषारी वायूने निर्जंतुक करत. रोग गेले, पण रोपं पिवळी, खुरटी निघू लागली. वायूचा अंश राहिला असेल, असं वाटलं. १९७२ मध्ये दोघा शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं की निर्जंतुक करताना मुळीची बुरशीही गेली होती, आणि ती परत दिली की रोपं सुधारली. जिथे माती निर्जंतुक झालेली आहे, किंवा माती मुळात नाहीच, तिथे बुरशी बाहेरून द्यावी लागते.

आपल्याकडे अशी जागा सगळ्यात जास्त कुठे असेल तर ती जळगावच्या केळीत. उतीसंवर्धनाचं रोप काचेच्या बाटलीत, निर्जंतुक माध्यमात वाढतं. ते बाहेर येतं तेव्हा त्याच्या मुळीवर काहीच नसतं. मग ते कोकोपीटच्या ट्रेमध्ये, हरितगृहात, दीड-दोन महिने कणखर केलं जातं. कोकोपीटमध्येही ही बुरशी नसते. अशा रोपाला कणखर होण्याच्या टप्प्यावरच, पिशवीत भरताना मुळीच्या खाली बुरशी मिळाली, तर ती रोपाबरोबर शेतात जाते. प्रयोगांत अशा रोपांची वाढ आणि तग धरण्याची शक्ती सुधारलेली दिसते. खर्चही कमी, कारण एकेका रोपाला चिमूटभर पुरते. तीच गोष्ट टोमॅटो, मिरची, पपई, डाळिंब यांच्या ट्रेमधल्या रोपांची. शेतकऱ्याने एकरी पुडी विस्कटण्यापेक्षा रोपवाटिकेने ट्रेमध्ये बुरशी दिलेली कितीतरी बरी.

दुसरी जागा खाणीची. नागपूरजवळ गुमगावला मँगनीजची खाण आहे. खाणीतून काढलेल्या मुरुम-दगडाच्या ढिगांवर गवतसुद्धा तगत नाही, कारण ती माती नव्हे, जमिनीच्या पोटातून काढलेला चुरा असतो. नागपूरच्या ‘नीरी’ या राष्ट्रीय संस्थेतल्या आशा जुवारकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे साखर कारखान्याची मळी, रायझोबियम-ॲझोटोबॅक्टर आणि ही मुळीची बुरशी असं सगळं एकत्र देऊन झाडं उभी केली. एकट्या बुरशीने ते झालं नसतं आणि एकट्या मळीनेही नसतं. गोव्यात गोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी लोहखनिजाच्या खाणींच्या ढिगांवरच्या आणि समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांवरच्या झाडांच्या मुळीतली बुरशी गोळा करून अभ्यासली आहे. खाणीने उजाड केलेल्या जागी तिथलीच बुरशी वापरायची, हा विचार मला पटतो.

रोजच्या शेतात काय? स्वित्झर्लंडमध्ये चोपन्न शेतांत मक्याला ही बुरशी देऊन पाहिली, आणि २०२३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. साधारण एक चतुर्थांश शेतांत वाढ ठळकपणे सुधारली, काही ठिकाणी चाळीस टक्क्यांपर्यंत. बाकी ठिकाणी विशेष फरक नाही, आणि कुठे कुठे पीक थोडं घटलंही. कुठल्या शेतात फायदा होईल याचा सगळ्यात चांगला अंदाज जमिनीतल्या स्फुरदावरून येत नव्हता. मातीत रोगकारक बुरशी किती आहेत यावरून येत होता. रोग जास्त असलेल्या मातीत ही बुरशी मुळीची राखण करत असावी. माझ्या मते हा फार मोलाचा अभ्यास आहे, कारण त्यात बुरशी लागू पडली त्या शेतांइतकीच न पडलेली शेतं उघडपणे मांडली आहेत. असा अभ्यास आपल्या मध्यम काळीवर, आपल्या कांद्यावर, आपल्याच विद्यापीठांनी करायला हवा.

पुडीच्या दर्जाविषयी एक गोष्ट. ही बुरशी जिवंत मुळीवरच वाढते हे मघाशी सांगितलं. ती तयार करायला एक तर कुंड्यांत ज्वारी-मक्यासारख्या पिकावर वाढवावी लागते, नाहीतर गाजराच्या खास तयार केलेल्या मुळ्यांवर काचेत. दिल्लीच्या ‘टेरी’ संस्थेने या दुसऱ्या पद्धतीवर मोठं काम करून ते तंत्र उद्योगांना दिलं आहे. दोन्ही पद्धती वेळखाऊ आहेत. त्यामुळे ‘एका ग्रॅममध्ये कोट्यवधी जिवाणू’ या धर्तीवर कुणी मायकोरायझा विकत असेल तर तिथेच थांबा. कडक उन्हात दुकानाच्या दारात महिनोन्महिने पडलेल्या पुडीत जिवंत किती उरलं असेल, तेही विचारा. आपल्या खत नियंत्रण आदेशात या खतासाठी मानकं आहेत, आणि त्यांत जिवंत घटकांच्या संख्येबरोबर मुळीत शिरण्याची क्षमता तपासण्याचीही तरतूद आहे. ग्राहकाने ते प्रमाणपत्र मागायची सवय लावली पाहिजे.

मुळीवर बुरशी आहे का हे पाहायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेली एक पद्धत शाळेतल्या विज्ञानाच्या खोलीत होते. पिकाच्या बारीक, ताज्या मुळ्या धुवून बोटाच्या पेराएवढे तुकडे करायचे. दहा टक्के कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात ते गरम करायचे, म्हणजे पेशींतला रस निघून मुळी पारदर्शक होते. हे काम विज्ञानाच्या शिक्षकांनीच करावं. पोटॅश डोळ्यात उडालं तर इजा होते. मग मुळ्या पाण्याने नीट धुवायच्या. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये फाउंटन पेनची काळी शाई, शंभर भागांत पाच भाग, मिसळून त्यात मुळ्या तीनेक मिनिटं उकळायच्या. नंतर थोडंसं व्हिनेगर घातलेल्या पाण्यात ठेवल्या की जादा रंग निघून जातो. काचपट्टीवर दाबून सूक्ष्मदर्शकाखाली धरा. मुळीच्या फिक्या पेशींमधून काळेनिळे तंतू धावलेले दिसतात, मधेमधे गोल-लांबट फुगे असतात, आणि नशीब चांगलं असेल तर पेशी भरून टाकणारी ती फाटे फुटलेली जाळी. मुळीची निम्मी लांबी अशी भरलेली असेल तर पुडीची गरज नाही. काहीच दिसत नसेल तर आपण कारणं शोधायची: स्फुरद किती आहे, आधी कोणतं पीक होतं, आळवणी कशाची झाली.

घरी ही बुरशी वाढवायचीही सोपी रीत आहे, आणि मला ती पुडीपेक्षा आवडते. वर्षानुवर्षं न नांगरलेल्या बांधावरच्या गवताखालची मूठमूठ माती मुळ्यांसकट घ्या. सावलीजवळ एक उथळ खड्डा प्लास्टिक अंथरून, वाळू आणि गाळाची माती मिसळून भरा, त्यात बांधाची माती थर देऊन ज्वारी किंवा मका दाट पेरा. डीएपी घालू नका. तीन महिन्यांनी पाणी तोडा, पीक वाळू द्या, वरचा भाग कापून टाका, आणि मुळ्या बारीक तोडून मातीसकट पोत्यात सावलीत ठेवा. रोपवाटिकेच्या वाफ्यात बी टाकण्याआधी हे मिश्रण ओळीत, बियाखाली, दोन बोटं खोल पडलं पाहिजे. वर फेकलं तर उपयोग नाही. मात्र हे सगळ्यांसाठी नाही: बांधाच्या मातीबरोबर सूत्रकृमी आणि मररोगही येऊ शकतात. डाळिंब, केळी आणि टोमॅटोच्या रोपवाटिकेत अशी माती आणू नका. तिथे तपासलेलं उत्पादनच वापरा. कांद्याच्या, मक्याच्या, फळझाडं सोडून इतर झाडांच्या रोपांना ती चालेल.

आणखी एक गैरसमज दूर करायचा आहे. रायझोबियम हवेतला नत्र आणतो, म्हणजे जमिनीत बाहेरून भर पडते. ही बुरशी स्फुरद निर्माण करत नाही. जमिनीत अडकलेलं आहे तेच ती पिकापर्यंत आणून देते. कांद्याबरोबर, उसाबरोबर ते बाजारात गेलं की जमिनीतून गेलंच. तेव्हा शेणखत, मळी, कोंबडखत, गरजेपुरतं सुपर यांची जागा ती घेणार नाही. पण आपल्या जमिनींत गेल्या कित्येक वर्षांत टाकलेलं आणि बांधलं गेलेलं स्फुरद बरंच आहे, आणि देशाला फॉस्फेट मोठ्या प्रमाणावर परदेशातून आणावं लागतं. जे पडून आहे ते आधी वापरलं तर त्यात शेतकऱ्याचा आणि देशाचा, दोघांचा फायदा आहे.

मातीच्या रव्याविषयी थोडं बोलून थांबते. हे तंतू मातीचे बारीक कण एकमेकांना बांधतात आणि भुसभुशीत, रवाळ माती तयार व्हायला मदत करतात. १९९६ मध्ये ग्लोमालिन नावाचा चिकट पदार्थ सापडल्याचं जाहीर झालं आणि पुढे सगळं श्रेय त्याला देण्यात आलं. त्या पदार्थाचं मोजमाप खरोखर बुरशीचंच होतं का, यावर आता बराच वाद आहे. तंतूंनी रवा बांधला जातो याविषयी मात्र शंका नाही. नांगरटीच्या ढेकळात आणि बांधावरच्या गवताखालच्या मातीत तुम्हाला हा फरक हातालाच जाणवेल.

माझ्या दोन मागण्या आहेत, आणि त्या या व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांमार्फत मी लेखी देणार आहे. एक, तालुक्यातल्या माध्यमिक शाळांनी कांदा लागवडीनंतर महिन्याने गावातल्या दहा-दहा शेतांतल्या मुळ्या रंगवून पाहाव्यात आणि काय दिसलं ते ग्रामपंचायतीच्या फळ्यावर, मागच्या पिकाच्या आणि स्फुरदाच्या नोंदीसह लावावं. दोन, रोपवाटिकांनी रोप विकताना, रोपाला बुरशी दिली असेल तर ती कुठली, कोणत्या तारखेला आणि ट्रेच्या कोणत्या टप्प्यावर दिली, हे पावतीवर लिहून द्यावं. खतविक्रेत्यांपैकी कुणी समोर असतील तर त्यांनी यावर आपलं म्हणणं जरूर मांडावं. प्रश्नोत्तरांसाठी पाऊण तास राखून ठेवला आहे.